व्हिसा आला म्हणजे वर्क परमिट आलं, असं नाही हो काकू

परवा परत तेच. दांडिया बाजारातल्या एका काकूंचा फोन, "अगं मुलीचा थायलंडचा वर्क व्हिसा आला, शनिवारी फ्लाइट आणि सोमवारपासून शाळेत शिकवणार!" मी विचारलं, वर्क परमिटचं काय झालं? तर म्हणाल्या तेच तर आलंय ना. नाही काकू, ते नाही आलंय. या वर्षातला हा चौथा का पाचवा फोन आहे, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

व्हिसा म्हणजे काय हे बडोद्यात कुणाला शिकवायची गरज नाही, इथे लग्नाच्या पंगतीत सुद्धा कुणाचा इंटरव्ह्यू कसा झाला हेच चाललेलं असतं. तर थोडक्यात, शिकवायला जाणाऱ्याला थायलंडचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा लागतो, दूतावास देतो, साधारण 90 दिवसांचा मिळतो, 2025 पासून अर्ज ऑनलाइन. झालं.

घोळ इथून पुढे आहे. नवरात्रात गळ्यात गरब्याचा पास असतो ना, त्याने तुम्ही ग्राउंडवर जाता. पण स्टेजवर चढून माईक हातात घ्यायचा असेल तर पास दाखवून चालेल का? व्हिसा हा तो पास आहे. माईक म्हणजे वर्क परमिट, आणि ते दूतावास देतच नाही, ते देतं तिथल्या कामगार मंत्रालयाचं रोजगार खातं. खातं वेगळं, अर्ज वेगळा, फी वेगळी, आणि कागद बहुतेक शाळेला जमवावे लागतात. त्यात तुम्ही कुणाकडे काम करता तेही लिहिलेलं असतं, म्हणून शनिवारी पलीकडच्या क्लासमध्ये दोन तास घ्यायचे तर त्याचीही नोंद करावी लागते, "मॅडम फक्त दोनच तास" हे तिथे ऐकून घेत नाहीत. परमिट नसताना काम करताना सापडलात तर दंड 5,000 ते 50,000 बाथ, वर देशाबाहेर रवानगी आणि दोन वर्षं परमिट मिळत नाही. शाळेलाही माणशी 10,000 ते 1 लाख बाथ बसतात, म्हणून नीट शाळा आहे ती स्वतःच घाबरून असते.

मला हे कळलं ते असं. मी थायलंडला शिकवायला गेले तेव्हा अलकापुरीतल्या एका एजंटने छातीठोकपणे सांगितलेलं, "बेन, व्हिसा ए ज परमिट छे, थई जशे." मी पोचले, दुसऱ्या दिवशी उत्साहात साडी नेसून शाळेत, एका मुलाने स्पेलिंग विचारलं म्हणून फळ्याकडे गेले, तर मुख्याध्यापिकेने येऊन माझ्या हातातला मार्कर काढून घेतला, हसत हसत पण घेतलाच. मग अकरा दिवस स्टाफरूममध्ये बसून होते, चहा पण नाही, तिकडे कॉफी. तेव्हा इतका राग आला होता तिचा! बरोबर तीच होती.

"टूरिस्टवर जा, तिथे कन्व्हर्ट करू" हे दुसरं डोक्यात जाणारं वाक्य. जुलै 2024 मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय 60 दिवस राहायला दिले तेव्हापासून तर हे फारच ऐकू येतं. आता कन्व्हर्ट होत नाही असं नाही, मुदतीचे निदान 15 दिवस शिल्लक असतील आणि शाळेचे कागद पूर्ण असतील तर इमिग्रेशन करतं. पण ते होऊन पुढे परमिट येईपर्यंत शिकवायचं नसतं, आणि एजंट नेमका हा अर्धा भाग गिळतो. माझं स्पष्ट मत, बी व्हिसा इथूनच काढून जा, उगाच डोक्याला ताप नको.

परमिट आलं की इमिग्रेशनकडून राहण्याची मुदत वाढवून घ्यायची, साधारण वर्षाची, 1,900 बाथ. ही मुदत नोकरीला बांधलेली असते. नोकरी सुटली की ती पण गेली, पासपोर्टवरच्या शिक्क्यात पुढची तारीख दिसत असली तरी. तारखेकडे बघून निवांत बसणारे मी बघितलेत, ओव्हरस्टेचा दंड दिवसाला 500 बाथने चढत जातो.

बरं हा गोंधळ थोडा दुसऱ्या देशांत शिकवणाऱ्यांच्या व्हिडिओंमुळेही होतो. कोरियाचा ई-टू, म्हणजे भाषा शिकवणाऱ्यांचा व्हिसा, हाच कामाचा परवाना असतो, वेगळं परमिट नसतंच, त्यामुळे तिथे शिकवणारी अमेरिकन मुलगी "व्हिसा मिळाला, कामाला लागले" म्हणते ते तिच्यापुरतं खरंच आहे. जपानमध्ये अजून तिसरंच, व्हिसाचं काम विमानतळापर्यंत, पुढे सगळं रेसिडेन्स कार्डवर. आणि तिथे शाळेसाठी जो इन्स्ट्रक्टर प्रकार आहे त्याला 12 वर्षं इंग्रजीतून शिक्षण लागतं, तेव्हा आपल्यातल्या मराठी किंवा गुजराती मीडियमवाल्यांनी आधी ते बघावं.

बाकी किरकोळ. टीईएफएल म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सचं सर्टिफिकेट, ते शिक्षकाचं लायसन्स नव्हे, थायलंडमध्ये लायसन्स खुरुसफा ही तिथली शिक्षक परिषद देते किंवा तात्पुरती सूट देते, शाळा बघते ते. पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट सेवावरून काढायचं, चौकीतलं कॅरेक्टर सर्टिफिकेट नाही.

आणि हो, दिवाळीला घरी यायचं असेल तर निघायच्या आधी री-एंट्री परमिट घ्या, एका वेळचं 1,000 बाथ. ते न घेता बाहेर पडलात की वाढवलेली मुदत तिथेच रद्द. माझ्या आतेभावाने हे केलंय, घरी येऊन चकल्या खाल्ल्या आणि मग परत बी व्हिसापासून सुरुवात.

काकूंच्या मुलीला सांगितलंय, सोमवारी शाळेत जा, सगळ्यांना वाय कर, म्हणजे तिकडचा हात जोडून नमस्कार, पण मार्करला हात लावू नकोस.