बुडवलेला पडदा आणि फासलेला पडदा

मांजरपाट आणायचा, त्यावर भिंतीचं इमल्शन फासायचं, वाळला की घडी घालून कपाटात. पोर्ट्रेट फोटोत माणसामागे लावायचा पडदा घरी करण्याची ही पद्धत कृपा करून बंद करा. पुढच्या वेळी घडीच्या रेघा फोटोत आडव्या-उभ्या दिसतात, मग त्यावर इस्त्री फिरते आणि रंग इस्त्रीलाच चिकटतो. कापड चांगलं, रंगही चांगला. दोन वेगळ्या पडद्यांची कृती एकात घुसडली गेली आहे.

रंगाच्या पाण्यात बुडवलेल्या पडद्यात रंग धाग्याच्या आत मुरतो. कापड मऊ राहतं, कसंही कोंबा, धुवा, इस्त्री करा. फासलेल्या पडद्यात रंगाचा पापुद्रा कापडावर बसलेला असतो. वाकवला की तडकतो, तापवला की मऊ पडतो. घडी हा बुडवलेल्याचा हक्क, फासलेला गुंडाळायचाच. ज्या कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी संगीत नाटकांचे पडदे रंगवले, तिथे तरी हे वेगळं सांगावं लागू नये.

बुडवायचं तर शंभर टक्के सुती कापड घ्या. पॉलिस्टर मिसळलेलं फिकं राहतं. इचलकरंजीचं ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेलं कोरं कापड उत्तम, मोठ्या पन्ह्याचं मागा, म्हणजे मधे शिवण येत नाही. पण त्यात खळ असते. ती धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात काढलीच पाहिजे, नाहीतर नको तिथे पांढरे डाग राहतात. दीड बाय तीन मीटरचं कापड साधारण ६५०-७०० ग्रॅम भरतं. त्याला १३-१४ लिटर पाणी, १५ ग्रॅम कोल्ड रिअ‍ॅक्टिव्ह (न उकळता सुती धाग्यावर चढणारा) रंग, लिटरमागे ५० ग्रॅम मीठ. अर्ध्या तासाने कापड बाजूला काढून लिटरमागे २० ग्रॅम सोडा अ‍ॅश (रंग धाग्यात पक्का करणारा सोडा) पाण्यात विरघळवा आणि कापड परत तासभर बुडवा. सोडा थेट कापडावर टाकला की तिथे गडद ठिपका पडतो. टब प्लॅस्टिकचा किंवा स्टीलचा. अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो. ढगाळ छटा हवी असेल तर ओलं कापड चुरगाळून सुतळीने सैल बांधा आणि पाणी निम्म्यावर आणा. शेवटी गरम साबणपाण्यात धुवा, नाहीतर सुटा रंग मॉडेलच्या पांढऱ्या शर्टाला लागेल.

फासायचं तर जाड कॅनव्हास, पण ताडपत्रीचा मेण लावलेला नको, त्यावर पाण्याचा रंग धरत नाही. चौकटीवर खिळे मारून ताणा. मोकळा ठेवला तर ओला झाल्यावर आकसून वेडावाकडा होतो. प्रायमरचा एक हात, मग जवळच्या तीन छटा ओल्या असतानाच मोठ्या स्पंजने एकमेकींत मिसळा, मध्यभाग किंचित उजळ. रंग मॅटच. चकाकीचा घेतलात तर फ्लॅशचा पांढरा गोळा डोक्यामागे येणार. तीन-चार इंची पीव्हीसी पाइपवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा.

जाडी, वजन वगैरे फरक हातात घेतल्यावर कळतात.

लहान घर, लहान मुलं, बाहेरचं शूट असेल तर डोळे झाकून बुडवलेला करा. माणूस पडद्यापासून दीड-दोन मीटर पुढे बसवला की उरलेल्या सुरकुत्याही विरतात. मागे खिडकी मात्र नको, पातळ कापडातून उजेड येतो. एकट्या माणसाचं छातीपर्यंतचं गंभीर पोर्ट्रेट असेल तर फासलेल्याला तोड नाही. तो पावसाळ्यात पॉलिथिनमध्ये बांधू नका, बुरशी येते. जुन्या सुती चादरीत गुंडाळा.