वाघाला घेराव पडतो तो कुठून : नागपूरच्या जंगल पर्यटनाची पार्श्वभूमी

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे जिप्सींच्या, म्हणजे सफारीच्या उघड्या गाड्यांच्या, गराड्यात अडकले. चित्रफीत मोबाइलवरून घरोघरी पोहोचली. चालक आणि गाइड निलंबित झाले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पण त्या जिप्सींत बसलेल्यांची घाई त्या एका दिवसाची नव्हती.

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पेंच १९७५ मध्ये. नागपूरच्या जंगलवेड्यांची एक अख्खी पिढी घडली ती मात्र बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर होणाऱ्या प्राणिगणनेत. ऐन वैशाखात, ऊन उतरायच्या आत मचाणावर चढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच खाली यायचं. सोबत डबा आणि पाणी, अंगावर मळखाऊ रंगाचे कपडे. अत्तर नाही, बोलणं नाही. चांदण्यात पाण्यावर जे येईल त्याची वेळेसह नोंद करायची, मग ती रानडुकरं असोत, नीलगाय असो की अस्वल. वाघ आलाच तर त्यालाही त्याच तक्त्यात एक ओळ. रात्रभर बसून चार चितळं पाहिलेला माणूसही समाधानाने घरी जायचा, कारण तो काम करायला गेलेला असायचा.

पुढे, २००६ पासून, वाघांचा देशव्यापी अंदाज कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) आधारे बांधला जाऊ लागला आणि मचाणावरच्या आकड्यांचं शास्त्रीय वजन गेलं. नंतर तोच उपक्रम ‘निसर्गानुभव’ म्हणून शुल्क भरून करता येऊ लागला. नोंद घेणारा ग्राहक झाला, आणि माझ्या मते खरा बदल इथेच झाला.

याच काळात नागपूर ‘टायगर कॅपिटल’ म्हणून मिरवू लागलं. पेंच, बोर, ताडोबा, नागझिरा, सगळंच काही तासांवर. २०१२ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झालं, दुसऱ्याच वर्षी नागझिऱ्याहून ‘जय’ नावाचा वाघ तिथे आला आणि उमरेडला रांगा लागल्या. २०१६ च्या एप्रिलनंतर जय कुणाला दिसला नाही, रांगा मात्र राहिल्या. जिप्सी, गाइड, प्रवेश असे हजारो रुपये मोजलेल्या माणसाला वाघ हवाच असतो. ‘भाऊ, थोडी पुढे घ्या ना’ ही विनवणी मागच्या सीटवरून येते. गाइडची बक्षिशी आणि चालकाची पुढची फेरी तिच्यावर अवलंबून असते. या दोघांवर सगळा दोष टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

नियम नव्हते असंही नाही. २४ जुलै २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं, म्हणजे गाभ्याच्या जंगलातलं, पर्यटनच तात्पुरतं थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं ते राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांसह. पर्यटन कोअरच्या २० टक्क्यांपुरतंच, प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर, त्याला घेरायला सक्त मनाई. म्हणजे गोठणगावात जे घडलं ते बारा वर्षांपूर्वीच कागदावर निषिद्ध होतं. कचऱ्याचंही तेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, एक वाघ पाण्यातली प्लॅस्टिकची बाटली तोंडात धरून चालत जाताना साऱ्या देशाने पाहिला. जंगलात प्लॅस्टिक नेऊ नये हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं?

गोठणगावनंतर सगळा भर मोबाइलबंदीवर आला, आणि तो रास्त आहे. एका गाडीला वाघ दिसला की फोन फिरतो आणि काही मिनिटांत बाकीच्या गाड्या तिथे येऊन थडकतात. गराडा पडतो तो असा. नोव्हेंबर २०२५ मध्ये उत्तराखंडच्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कोअरमधल्या पर्यटन क्षेत्रात मोबाइल वापरायला आणि रात्रीच्या पर्यटनालाही मनाई केली. फोन गेटवर ठेवून घेता येईल. गाडी पुढे घ्यायला लावणाऱ्या पर्यटकालाही चालकाइतकाच दंड बसावा, हा भाग मात्र अजून कच्चाच आहे, आणि तो नागपूरच्या पर्यटकांनीच लावून धरायला हवा.