मोगऱ्याचा नैसर्गिक अर्क: खरेदीपूर्वी आणि वापरापूर्वी

मोगऱ्याचा अर्क पहिल्यांदाच नेणारे ग्राहक आम्हाला हमखास दोन प्रश्न विचारतात. एवढ्याशा कुपीची इतकी किंमत का, आणि तिचा वास गजऱ्यातल्या मोगऱ्यासारखा का येत नाही? दोन्हींचे उत्तर हा अर्क काढण्याच्या पद्धतीत दडलेले आहे.

सुगंधी अर्कासाठी लागणारा मोगरा मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूत, विशेषतः मदुराई आणि दिंडिगुलच्या परिसरात पिकतो. मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तेथे टपोऱ्या कळ्या सकाळीच खुडल्या जातात आणि संध्याकाळी त्या उमलू लागेपर्यंत पसरून ठेवल्या जातात, कारण बंद कळीत सुगंध जवळजवळ नसतो आणि तोडल्यानंतरही फूल काही तास तो तयार करत राहते. म्हणून अर्काचे काम रात्रीचे असते, आणि फुले थांबून राहिली की मालाचा दर्जा लगेच घसरतो.

गुलाबाप्रमाणे मोगऱ्याचे तेल वाफेने काढणे परवडत नाही. उष्णतेने त्याचा नाजूक सुगंध बिघडतो आणि हाती फारच थोडे लागते. त्यामुळे फुले हेक्सेन या द्रावकात भिजवली जातात. द्रावक निर्वात दाबाखाली, कमी तापमानाला काढून घेतला की मेणयुक्त घट्ट पदार्थ उरतो, ज्याला व्यवसायात ‘कॉन्क्रीट’ म्हणतात. तो अल्कोहोलमध्ये विरघळवून, खूप थंड करून गाळला की मेण वेगळे होते, आणि अल्कोहोल उडवल्यावर मागे राहते ते ‘अॅब्सोल्यूट’. आपल्या कुपीत असते ते हेच. चमेलीच्या एक किलो अॅब्सोल्यूटला साधारण ७०० किलो फुले लागतात, मोगऱ्याला त्याहून अधिक. आणि ही सर्व फुले हातानेच खुडावी लागतात. म्हणूनच अगदी स्वस्त बाटलीवर ‘वाफेने काढलेले शुद्ध मोगरा तेल’ असे लिहिलेले दिसले, तर विक्रेत्याकडे रासायनिक विश्लेषणाचा अहवाल अवश्य मागावा. कनौजचे मोगऱ्याचे पारंपरिक अत्तर ही मात्र वेगळी वस्तू आहे: तेथे तांब्याच्या देगेतून, म्हणजे फुले उकळण्याच्या मोठ्या भांड्यातून, निघणारी सुगंधी वाफ भपक्यातील, म्हणजे वाफ गोळा करणाऱ्या भांड्यातील, चंदनतेलात उतरवली जाते.

आता वासाविषयी. जिवंत फूल हवेत जे सोडते आणि द्रावक त्यातून जे काढून घेतो, त्यांतील घटकांचे प्रमाण सारखे नसते. बेंझिल अॅसिटेटमुळे गोडसर, फळासारखी छटा येते, लिनालूलमुळे ताजेपणा येतो, आणि इंडोल या घटकामुळे तीव्र अर्काला डांबरगोळ्यांसारखा जड वास येतो. पहिल्या हुंग्यात हा वास जाणवला की माल खराब आहे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात पातळ केल्यावर हेच इंडोल मोगऱ्याला त्याची खोली देते, आणि ते काढून टाकलेला मोगरा आम्हाला तरी फिका वाटतो. यासाठी अर्क कधीही कुपीतून थेट हुंगू नये. एक ग्रॅम अर्क नऊ ग्रॅम अत्तरासाठीच्या अल्कोहोलमध्ये मिसळून दहा टक्क्यांचे द्रावण करावे, ते कागदी पट्टीवर घ्यावे, अल्कोहोल उडू द्यावे आणि मगच पारख करावी; तासाभराने पुन्हा पाहिल्यास अर्काचा खरा स्वभाव कळतो.

नैसर्गिक आहे म्हणून हा अर्क त्वचेला निर्धोक ठरत नाही. काहींना त्याची अॅलर्जी होऊ शकते, त्यामुळे आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेने, म्हणजे इफ्राने, त्याच्या वापरावर उत्पादनाच्या प्रकारानुसार मर्यादा घातल्या आहेत. अर्क न पातळ करता अंगाला लावू नये आणि पोटात घेऊ नये. साबण, क्रीम किंवा अत्तर बनवणाऱ्यांनी आपल्या उत्पादनाला लागू असलेली मर्यादा आमच्याकडून लेखी मागून घ्यावी.

कुपी घट्ट बंद करून थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी. नारिंगी अर्क कालांतराने तांबूस-तपकिरी होणे स्वाभाविक आहे. मात्र वासात आंबूसपणा आला, तर तो वापरू नये.