भाकीत खरे ठरले तर नास्तिक मानतील का? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

ख्रिस्ती युगांताची भाकिते डोळ्यांदेखत खरी ठरली तर नास्तिक विश्वास ठेवतील का, हा प्रश्न बहुधा आव्हान म्हणून टाकला जातो. "तेव्हा तरी मानाल ना?" असा त्याचा सूर असतो. "अर्थातच" आणि "मुळीच नाही" अशी दोन्ही उत्तरे नास्तिकांकडूनच मिळतात. पण प्रश्नात एक गोष्ट परस्पर गृहीत धरलेली असते, ती ही की भाकीत खरे ठरले की नाही यावर तरी दोन्ही बाजूंचे एकमत होईल. तसे एकमत इतिहासात क्वचितच झाले आहे. भांडण मुळात तिथेच आहे.

जुना भाग थोडक्यात उरकतो. तिसऱ्या शतकात एका ग्रीक तत्त्वज्ञाने बायबलातल्या दानीएलाच्या भाकितांच्या पुस्तकावर बोट ठेवले. अँटायोकस चौथा या, ज्यूंवर राज्य करणाऱ्या ग्रीक राजापर्यंतच्या घडामोडी त्यात नेमक्या जुळतात आणि त्यापुढच्या जुळत नाहीत. म्हणून हे पुस्तक ज्यूंच्या बाबेलमधल्या बंदिवासाच्या काळातले (इसवी सनापूर्वी सहावे शतक) नसून याच राजाच्या काळातले, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले आहे, असे त्याने मांडले. पुढे ४४८ मध्ये शाही हुकमाने त्याचे लेखन जाळण्यात आले. त्याचा युक्तिवाद आपल्याला कळतो तो मुख्यतः त्याचे खंडन करणाऱ्यांच्या लिखाणातून. आज विद्यापीठीय बायबल-अभ्यासात साधारण तेच मत रूढ आहे, हा काळाने उगवलेला सूडच म्हणायचा.

अठराव्या शतकात वाद जास्त नेटका झाला. १७४८ मध्ये एका स्कॉटिश तत्त्ववेत्त्याने भाकिताला चमत्काराच्याच रांगेत बसवले. चमत्काराच्या साक्षीला जी कसोटी, तीच भाकिताला. १७७७ मध्ये एका जर्मन नाटककाराने आणखी बारीक भेद दाखवला. मी स्वतः अनुभवलेले भाकीत वेगळे आणि इतरांनी अनुभवले म्हणून मला सांगितले गेलेले भाकीत वेगळे. दुसऱ्यात पहिल्याचे बळ नसते. आजच्या प्रश्नाचे बीज या भेदात आहे. पुरातन भाकिते नास्तिकांना पटत नाहीत तर नकोत, आता आपल्या हयातीत घडणारी पाहा, असे प्रचारक म्हणू लागले ते पुढच्या शतकात.

त्या शतकातला ठळक प्रसंग २२ ऑक्टोबर १८४४ चा. अमेरिकेतल्या एका शेतकरी-प्रचारकाने दानीएलातल्या २,३०० दिवसांची वर्षे धरली आणि गणिताची सुरुवात इसवी सनापूर्वी ४५७ पासून केली. ख्रिस्ताच्या पुनरागमनासाठी अनुयायांच्या हाती शेवटी ही तारीख आली. दिवस आला आणि गेला. बरेच जण घरी परतले. एका गटाने मात्र तारीख बरोबर होती, घटना ओळखण्यात चूक झाली, असा निष्कर्ष काढला. जे घडले ते स्वर्गातल्या पवित्रस्थानात घडले. त्या गटातून उभ्या राहिलेल्या पंथाचे आज जगभर दोन कोटींहून अधिक सदस्य आहेत. १९१४ बद्दलही दुसऱ्या एका गटाने तेच केले, ख्रिस्ताचे राज्य त्या वर्षी अदृश्यपणे सुरू झाले असे ठरवले. स्वर्गात घडलेल्या गोष्टीची शहानिशा पृथ्वीवर होऊ शकत नाही, एवढे नास्तिकाने म्हटले तर त्याला हटवादी म्हणता येत नाही.

खरा गुंता १९४८ चा आहे, आणि आजचा सगळा वाद त्याच्याच सावलीत चालतो. १४ मे रोजी इस्राएल राष्ट्राची घोषणा झाली. "एका दिवसात राष्ट्र जन्माला येईल काय?" हे बायबलातल्या यशया संदेष्ट्याचे वाक्य आणि सुकी हाडे जिवंत होतात असे यहेज्केल संदेष्ट्याचे दर्शन, दोन्हींवर इव्हँजेलिकल (बायबलाचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) प्रचारकांनी पूर्ततेचा शिक्का मारला. त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्यू परत येतील, हे त्यांच्या पूर्वसुरींनी खरोखरच आधी लिहून ठेवले होते. १८४० च्या सुमारास लंडनमध्ये काही वजनदार मंडळी त्याबद्दल बोलत होती. १८९१ मध्ये, म्हणजे ज्यू राष्ट्रासाठीच्या झायोनिस्ट चळवळीच्या बाझलमधल्या पहिल्या काँग्रेसच्या सहा वर्षे आधी, एका अमेरिकन प्रचारकाने ज्यूंच्या परतीची मागणी करणारे निवेदन राष्ट्राध्यक्षांना दिले आणि त्यावर चारशेहून अधिक नामवंतांच्या सह्या होत्या. घटना घडून गेल्यावर रचलेले भाकीत, हा दानीएलावरचा आक्षेप इथे लागू पडत नाही.

पण तेच निवेदन दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. भाकितावर विश्वास असणारे लोक ते पूर्ण व्हावे म्हणून राष्ट्राध्यक्षांचे दार ठोठावत असतील, तर पुढे घडलेल्या गोष्टीचे श्रेय दैवी पूर्वज्ञानाला द्यायचे की खटपटीला? पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय वसतिस्थानाला ब्रिटनचा पाठिंबा देणाऱ्या १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यामागे साम्राज्याचा हिशेब होता, पण त्या जाहीरनाम्याला अनुकूल असलेल्या ब्रिटिश राजकारण्यांची बायबलवर झालेली जडणघडणही इतिहासकार नोंदवतात. (सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासहून पाच लाल कालवडी इस्राएलला नेण्यात आल्या, जेरुसलेममध्ये पुन्हा उभारायच्या मंदिराच्या शुद्धीकरण विधीची तयारी म्हणून. देवाच्या वेळापत्रकाला एवढी मदत लागत असेल तर साशंक माणसाची भुवई उंचावणारच.)

दुसरा आक्षेप मजकुराचाच. यशया, यिर्मया, यहेज्केल यांतली परतीची वचने बाबेलहून झालेल्या परतीबद्दलची आहेत आणि ती इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातच पूर्ण झाली, असे ख्रिस्ती अभ्यासकांतलाही मोठा वर्ग मानतो. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात येशू पालवी फुटलेल्या अंजिराचा दाखला देतो आणि हे सर्व घडेपर्यंत ही पिढी सरणार नाही असे म्हणतो; ते झाड म्हणजे इस्राएल, हा तर १९४८ च्या गणिताचा कणा. लूकमध्ये तोच दाखला "अंजिराचे झाड व इतर सर्व झाडे" असा आहे. सगळ्या झाडांत इस्राएल कसे शोधायचे, याचे उत्तर प्रचारपुस्तिकांत सहसा सापडत नाही.

आणि तिसरी गोष्ट, मला सर्वांत बोलकी वाटणारी. ज्यांच्या हातून हे भाकीत "पूर्ण" झाले, त्या राष्ट्र-संस्थापकांतले बरेच जण धर्मनिष्ठ नव्हते. काही सनातनी ज्यू गटांनी तर मसीहाच्या (ज्यू वाट पाहत असलेल्या तारणहाराच्या) आधी राष्ट्र उभारणे हेच पाप ठरवले. पूर्तता ज्यांनी सर्वांत जवळून पाहिली, त्यांतले सेक्युलर लोक नंतरही सेक्युलरच राहिले. भाकीत पुरे झाल्याने श्रद्धा उपजते का, याचा इतका उघडा प्रयोग क्वचितच झाला असेल.

युगांताचे घड्याळ मात्र सुरू झाले होते. जून १९६७ मध्ये जुने जेरुसलेम इस्राएलच्या ताब्यात आले तेव्हा त्याला जोर चढला. १९७० मध्ये आलेल्या एका अमेरिकन पुस्तकाने ४० वर्षांची पिढी धरून १९४८ पासून मोजणी सुचवली, आणि ते त्या दशकातल्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत जाऊन बसले. १९८१ मध्ये ग्रीस आल्याने युरोपीय समुदायाचे सदस्य नेमके दहा झाले. बायबलाच्या शेवटच्या पुस्तकातल्या, म्हणजे प्रकटीकरणातल्या, श्वापदाची दहा शिंगे (दहा राजे) मिळाली म्हणून केवढा आनंद. १९८६ मध्ये स्पेन व पोर्तुगाल आले आणि शिंगे बारा झाली. १९८८ सालच्या सप्टेंबरमध्ये विश्वासणारे स्वर्गात उचलले जातील, असे एका निवृत्त अंतराळ-अभियंत्याने आकडेमोडीने सिद्ध केले. ते झाले नाही तेव्हा त्याने पुढच्या वर्षाची आवृत्ती काढली. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका रेडिओ-प्रचारकाने २१ मे ही तारीख दिली, ती चुकल्यावर २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्याने तारीख सांगणेच चूक होते असे कबूल केले. या यादीत अशी कबुली दुर्मीळ आहे.

या पार्श्वभूमीवर नास्तिकांचा आपसातला वाद पाहायला हवा. १९६० च्या दशकात एका अमेरिकन विज्ञान-तत्त्वज्ञाने लिहिले की आकाश दुभंगले, अवाढव्य देव दिसला, साऱ्या जगाने त्याला बोलताना ऐकले, तर मी मानेन. २०१० मध्ये दोन नास्तिक जीवशास्त्रज्ञ याच मुद्द्यावर जाहीरपणे भिडले. एकाचे म्हणणे, पुरावा कसा असावा हे सांगता येत नसेल तर आपणही तेवढेच बंदिस्त. दुसऱ्याचे म्हणणे, "देव" याची व्याख्याच इतकी सैल आहे की कोणताही पुरावा तिला नेमका जोडता येत नाही. प्रगत परग्रहवासी किंवा मेंदूतला बिघाड ही स्पष्टीकरणे नेहमीच शिल्लक राहतील. माझा कल पहिल्याकडे आहे. तारा पडणे, समुद्राचे रक्त होणे, मेलेले उठणे हे आधी लिहिल्या क्रमाने आणि माणसाच्या हाताबाहेर घडले, तर परग्रहवासीयांना शोधत बसणे हीसुद्धा एक श्रद्धाच ठरेल. अडचण एवढीच की १९४८ किंवा १९८१ ला तसे काही घडले नव्हते, आणि आव्हान देणारे बहुधा अशाच वर्षांकडे बोट दाखवतात.

या सगळ्यात खुद्द धर्मग्रंथाला काय अपेक्षित आहे, हे क्वचितच विचारले जाते. प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायात मानवजातीचा तिसरा हिस्सा मरतो आणि उरलेले पश्चात्ताप करत नाहीत. सोळाव्यात लोक देवाला ओळखतात आणि त्याचीच निंदा करतात. लूकच्या सोळाव्या अध्यायात तर मोशे व संदेष्टे यांचे न ऐकणारे, मेलेला उठला तरी मानणार नाहीत, असे सरळ म्हटले आहे. भुतेही देव एकच आहे हे मानतात आणि थरथर कापतात, हे बायबलातल्या याकोबाच्या पत्रातले वाक्य. म्हणजे देव आहे हे पटणे आणि त्याच्यावर भाव ठेवणे ही ग्रंथाच्या लेखी दोन वेगळी प्रकरणे आहेत.

बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातला नियम याहून कडक आहे. एखाद्या संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले, पण तो परक्या देवांकडे नेत असेल, तर त्याचे ऐकू नका. मत्तयाचा २४ वा अध्यायही खोटे ख्रिस्त मोठी चिन्हे दाखवतील असा इशारा देतो. दुसऱ्या धर्माचे भाकीत उद्या तंतोतंत खरे ठरले, तर विश्वासणाऱ्याने काय करायचे याचे उत्तर इथे आधीच दिलेले आहे. नास्तिकाला आव्हान देणाऱ्यांपैकी किती जण स्वतः त्या उत्तराच्या बाहेर जायला तयार होतील, हे त्यांना कोणी फारसे विचारत नाही.