स्पायरल पासचं नाक खाली कोण वळवतं?

अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट, दोन्हीकडे टोकदार असतो आणि तो हाताने फेकतात. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकचा, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचा, लांब स्पायरल पास (स्वतःभोवती फिरत जाणारी फेक) पाहताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: चेंडू स्वतःभोवती फिरतो, म्हणून दिशा धरून राहतो. वाक्य खरं आहे, पण कोडं तिथूनच सुरू होतं. 30 अंश वर रोखून, सेकंदाला 25 मीटर वेगाने फेकलेला चेंडू साधारण अडीच सेकंद हवेत असतो. हातातून सुटताना त्याचं नाक, म्हणजे पुढचं टोक, 30 अंश वर असतं आणि रिसीव्हरकडे, म्हणजे पास झेलणाऱ्याकडे, उतरताना तितकंच, किंबहुना थोडं जास्तच, खाली. मग दिशा धरून ठेवणारी वस्तू 60 अंश वळली कशी?

चंद्रावर, जिथे हवा नाही, ती वळलीच नसती. नाक वर आणि शेपूट खाली अशीच उतरली असती. म्हणजे हे काम हवेचंच. पण 'हवा नाक खाली दाबते' हे उत्तर साफ चूक आहे. चेंडूचा मार्ग खाली झुकू लागतो, नाक मात्र वरच राहतं, त्यामुळे समोरची हवा नाकाला खालून लागते आणि ते आणखी वर उचलू पाहते. न फिरणारा चेंडू अशा वेळी कोलांट्या खातो.

इथे भोवरा आठवा. कललेला भोवरा गुरुत्वाकर्षणामुळे खाली खेचला जातो, तरी पडत नाही. त्याचं डोकं आडवं सरकत गोल फिरतं. वेगाने घुमणारी वस्तू ढकललेल्या दिशेला न जाता काटकोनात सरकते. उजव्या हाताने फेकलेला चेंडू मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, सेकंदाला सुमारे 10 फेरे. हवा नाक वर ढकलते आणि ते सरकतं उजवीकडे. उजवीकडे गेलं की हवा त्याला आणखी उजवीकडे ढकलते आणि ते सरकतं खाली! असं ते मार्गाच्या दिशेभोवती घिरटी घेत राहतं, आणि मार्ग जसजसा झुकतो तसतसं त्याच्यामागून झुकतं. रिचर्ड प्राइस, विल्यम मॉस आणि टिमोथी गे या भौतिकशास्त्रज्ञांनी 2020 मध्ये हा उलगडा गणितासह मांडला. वर ढकलणारी हवाच नाक खाली आणते, यापेक्षा सुंदर गोष्ट मला या खेळात दिसत नाही.

हा फिरकीचा वेग येतो बोटांतून. चेंडू सुमारे 400 ग्रॅमचा आणि 28 सेंटिमीटर लांब. करंगळी आणि अनामिका लेसवर (चेंडूवरच्या उंचवट्याच्या शिवणीवर), तर्जनी मागच्या टोकाजवळ, अंगठा खालून. सुटताना बोटं चेंडूच्या बाजूवरून खाली घसरतात आणि तर्जनी सगळ्यांत शेवटी सुटते. स्क्रूड्रायव्हरसारखं मनगट पिळून फिरकी देतात, हा गैरसमज आहे. उजव्या हाताचा पुढचा भाग प्रत्यक्षात चेंडूच्या उलट दिशेने वळतो. फेक संपते तेव्हा अंगठा जमिनीकडे आणि तळवा बाहेर असतो.

तर्जनी लवकर सुटली किंवा शेवटच्या क्षणी चेंडूला आडवा धक्का बसला, तर फिरकीचा आस आणि चेंडूचा लांब अक्ष जुळत नाहीत. मग चेंडू डुगडुगतो. त्याचंही प्रमाण ठरलेलं आहे: चेंडूच्या आकारामुळे पाच फेऱ्यांमागे तो जवळपास तीनदा डुगडुगतो. हवेचा अडथळा वाढतो, पास आखूड पडतो.

हे सगळं हाताचं कसब आहे, हातात घातलेल्या पट्ट्याचं नाही. हॉलोग्राम लावलेल्या रबरी मनगटपट्ट्यांनी तोल आणि ताकद वाढते, असा दावा खेळाडूंच्या जोरावर जगभर विकला गेला. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियात त्यामागे विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नसल्याची कबुली विक्रेत्यांना द्यावी लागली. फिरकी देतो तो तर्जनीचा शेवटचा स्पर्श.

घिरटीत नाक सरासरीने मार्गाच्या किंचित उजवीकडे राहतं, म्हणून उजव्या हाताचा पास उजवीकडे थोडा वाहतो. डावखुऱ्याचं सगळं आरशातलं. 8 जानेवारी 2018 रोजी कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात अलाबामा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ याने जादा वेळेत 41 यार्डांचा पास डेव्हॉन्टा स्मिथला दिला आणि जॉर्जिया विद्यापीठावर 26-23 असा विजय मिळवला. टुआ डाव्या हाताने फेकतो, त्यामुळे तो चेंडू मागून पाहता घड्याळाच्या उलट फिरत गेला. त्या सामन्याच्या पूर्वार्धात अलाबामाचा क्वार्टरबॅक होता उजव्या हाताने फेकणारा जेलन हर्ट्स. म्हणजे एकाच रात्री रिसीव्हरच्या तळव्यात दोन उलट फिरक्यांचे चेंडू येत होते.