स्टॉक कार्बन फायबरचा, तरी नेम का हलतो?

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून आमच्या निपाणी-बेळगाव पट्ट्यातही रायफलींच्या गप्पा रंगतात. त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: कार्बन फायबरचा स्टॉक (रायफलीचा दस्ता) घेतला की नेम चुकत नाही. जाहिरातीही तेच सांगतात. खंडेनवमीला रायफलीची पूजा खुशाल करा, पण लिंबू उतरवल्यानं नेम सुधारत नाही, आणि नुसत्या महागड्या स्टॉकनंही नाही.

५० मीटरवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिमी. केंद्रापासून कड ५.२ मिमी, म्हणजे कोन जेमतेम ०.१ मिलिरेडियन (मीटरमागे ०.१ मिमी). ॲक्शन म्हणजे नळीमागचा, गोळी भरायचा-उडवायचा पोलादी भाग; तो स्टॉकमध्ये बसतो. २० सेंमी लांबीच्या ॲक्शनवर हा फरक ०.०२ मिमी भरतो. केसाच्या जाडीहूनही कमी.

ॲक्शन स्टॉकमध्ये सरकली की नेम गेला, असं पुष्कळांना वाटतं. पण मागची साइट (नेम धरायची खूण) ॲक्शनवर असते आणि पुढची नळीच्या तोंडाशी. सगळं मिळून कललं तर साइटही कलते, नेमबाज परत नेम धरतो. खरी अडचण वाकण्याची आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या टर्नरला विचारा: लेथचं लेव्हलिंग चुकलं आणि फाउंडेशन बोल्ट आवळले, तर बेड पिळवटतो आणि जॉब टेपर (निमुळता) येतो. ॲक्शनचंही तसंच. खालची बैठक असमान असेल तर स्क्रू आवळताच पोलाद वाकतं. शिवाय गोळी नळीत दोन-तीन मिलिसेकंद असते, आणि तेवढ्यात धक्का सुरू होऊन नळी थरथरू लागते. ॲक्शन दर वेळी निराळी टेकली तर थरथरही निराळी, आणि नळीचं तोंड निराळ्या दिशेला असताना गोळी बाहेर पडते.

लाकूड खानापूरच्या पावसात तंतूंच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. कार्बन फायबर आणि रेझिनचं काँपोझिट तसं फुगत नाही, हे खरं. पण साच्यातून निघालेला स्टॉक तुमच्याच ॲक्शनच्या मापाचा नसतो, आणि आत फोम असेल तर स्क्रूखाली दबतो. म्हणून स्क्रूभोवती ॲल्युमिनियमच्या नळ्या बसवतात आणि बाकीची पोकळी धातूची पूड मिसळलेल्या इपॉक्सीनं (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या रेझिननं) भरतात. यालाच बेडिंग म्हणतात.

इपॉक्सीच का? तिच्या रेणूत दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं ताणलेलं त्रिकोणी कडं असतं. हार्डनरमधला अमाइन गट ते फोडतो आणि रेणू एकमेकांना जोडले जातात. जोडणीनं आकार घटतो, पण उघडलेलं कडं थोडी जास्त जागा व्यापतं. त्यामुळे घट पुष्कळशी भरून निघते. पॉलिएस्टर रेझिन यापेक्षा बरंच जास्त आकसतं. धातूच्या पुडीनं इपॉक्सीची घट आणखी कमी होते.

इपॉक्सी भरण्याआधी ॲक्शनला मेण चोपडायचं आणि तिची खाचाभोकं मॉडेलिंग क्लेनं (खेळायच्या मऊ मातीनं) बुजवायची, नाहीतर ॲक्शन कायमची चिकटते. रिकॉइल लगच्या (धक्का स्टॉकवर घेणाऱ्या ॲक्शनखालच्या खुंटीच्या) पुढे, बाजूंना आणि खाली टेप. लगनं टेकायचं फक्त मागच्या बाजूनं. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत स्क्रू आवळायचे नाहीत. आवळले तर तो वाकच साच्यात उतरतो.

घरी हे ४.५ मिमीच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलवरच करा. परवान्याच्या बंदुकीची दुरुस्ती परवानाधारक गनस्मिथकडे.

शेवटी डायल गेज (बारीक हालचाल सुईनं दाखवणारं मापक) लावून पुढचा स्क्रू सैल करा. सुई ०.०५ मिमीच्या आत राहिली तर बेडिंग जमलं. जास्त हलली तर खरवडून पुन्हा लेप द्यायचा.