पाठीवरचे न वितळणारे हिम

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात कॅल्गरीहून एडमंटनकडे जाणाऱ्या महामार्गावर जानेवारीत प्रवास केला, तर दोन्ही बाजूंच्या पांढऱ्याशुभ्र शेतांत, कुंपणाआड, घोडे उघड्यावर उभे असलेले दिसतात. गाडीतील तापमापक उणे २५ अंश सेल्सिअस दाखवत असतो आणि घोड्यांच्या पाठीवर दोन बोटे जाडीचा हिमाचा थर साचलेला असतो. भारतातून नव्याने आलेल्या माणसाचा जीव हे पाहून कळवळतो. पहिल्या हिवाळ्यात माझाही कळवळला होता. पुढे एका शेतावर अशाच एका घोडीजवळ जाण्याची संधी मिळाली. हातमोजा काढून तिच्या पाठीवरचे हिम बाजूला केले आणि केसांत बोटे खुपसली, तेव्हा ती दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली आणि कातडीपाशी चांगली ऊब लागली. अंगातील उष्णता बाहेरच्या हिमापर्यंत पोहोचतच नव्हती, म्हणून ते हिम वितळत नव्हते. घोड्याच्या पाठीवर साचून राहिलेले कोरडे हिम ही त्याची आबाळ झाल्याची खूण नसून त्याचे पांघरूण उत्तम काम करत असल्याची खूण आहे, हे त्या दिवशी मला समजले.

हे पांघरूण थंडी पडल्यावर वाढू लागत नाही. २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागतात आणि रात्र वाढते, तसा मेंदूतील पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक अधिक काळ स्रवू लागते. शरीर हा संकेत ओळखते आणि ऑगस्टमध्ये, हवा अजून उबदार असतानाच, हिवाळी केसांची तयारी सुरू होते. डिसेंबरमध्ये एडमंटनला दिवस जेमतेम साडेसात तासांचा उरतो, तोवर आखूड, चकचकीत उन्हाळी केसांच्या जागी लांब, दाट केस आलेले असतात. थंडी वाढली की प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला सूक्ष्म स्नायू आकसतो, केस उभे राहतात आणि त्यांच्यामध्ये स्थिर हवेचा जाड थर अडकतो. खरी ऊब ही अडकलेली हवा देते; केस केवळ तिला धरून ठेवतात.

प्रत्येक प्राण्याच्या बाबतीत एक असे तापमान असते, की त्याखाली शरीराला ऊब टिकवण्यासाठी जास्तीची ऊर्जा जाळावी लागते. शास्त्रज्ञ त्याला निम्न क्रांतिक तापमान म्हणतात. कपडे न घातलेल्या माणसाच्या बाबतीत ते २५ अंशांच्याही वर असते. अल्बर्टातील हिवाळ्याला सरावलेल्या प्रौढ घोड्यांच्या बाबतीत ते सुमारे उणे १५ अंश आढळले आहे. म्हणजे उणे १० अंशांच्या कोरड्या, शांत सकाळी जाड कोटातही आपण कुडकुडत असतो आणि शेजारचा घोडा निवांत उभा असतो. मात्र हा आकडा सर्व घोड्यांना सारखा लागू पडत नाही. उन्हाळी केसांच्या घोड्याला ५ अंशांच्या आसपासच जास्तीची ऊर्जा लागू शकते, आणि नवजात शिंगराला तर २० अंशही थंड असतात.

या पांघरुणाचे दोन शत्रू आहेत, पाणी आणि वारा. केस भिजले की ते एकमेकांना चिकटतात, त्यांच्यातील हवा निघून जाते, आणि पूर्ण भिजलेल्या घोड्याचे क्रांतिक तापमान १० ते १५ अंशांपर्यंत वर सरकते. त्यामुळे उणे २० अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षा १ अंशाचा पाऊस घोड्याला अधिक छळतो. अल्बर्टाच्या दक्षिण भागात रॉकी पर्वतावरून चिनूक नावाचा उष्ण वारा येतो आणि काही तासांत तापमान वीस-वीस अंशांनी चढते. माणसांना तो दिवस सणासारखा वाटतो. पण हिम वितळून जमीन चिखल होते, घोडे भिजतात आणि रात्री पुन्हा सारे गोठते. अशा हवामानासाठी घोड्यांना चार भिंतींची बंदिस्त पागा लागत नाही. तीन बाजूंनी बंद, वाऱ्याकडे पाठ केलेली, छप्पर असलेली साधी शेड पुरते.

घोड्यांनाही असेच वाटते का, हा प्रश्न नॉर्वेतील संशोधकांनी थेट घोड्यांनाच विचारला. सेसिली मेयडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३ घोड्यांना तीन खुणा असलेले फलक ओळखायला शिकवले. एका खुणेचा अर्थ ‘झूल घाला’, दुसरीचा ‘झूल काढा’ आणि कोऱ्या फलकाचा ‘आहे तसेच राहू द्या’. सुमारे दोन आठवड्यांत सर्व घोडे आपल्या इच्छेनुसार नाकाने फलकाला स्पर्श करू लागले. उबदार दिवसात झूल घातलेले घोडे ती काढायला सांगत. पाऊस, वारा आणि गारठा एकत्र आले की बहुतेक घोडे झूल मागत. या प्रयोगाने मला मनापासून आनंद झाला, कारण घोड्याला काय वाटते याचा अंदाज आपण आजवर स्वतःला वाजणाऱ्या थंडीवरून बांधत आलो होतो.

झूल कोणाला घालावी, याचेही उत्तर त्यातच आहे. केस कापलेला, म्हातारा, रोडावलेला किंवा नुकताच उबदार प्रदेशातून आणलेला घोडा असेल, तर झूल जरूर घालावी. पण धडधाकट, केसाळ घोड्याला पातळ झूल घातली, तर तिच्या वजनाने उभे केस दबतात, अडकलेली हवा कमी होते आणि मदत करण्याच्या नादात आपण त्याचे स्वतःचे पांघरूण निकामी करतो. आत ओली झालेली झूल तर नसलेलीच बरी.

आता बाहेरच्या पांघरुणाकडून आतल्या भट्टीकडे वळू. घोड्याच्या पोटात जठर लहान असते, जेमतेम १० ते १५ लिटरचे. पण त्यापुढे सुमारे ३० लिटरचे उंडुक, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, आणि ८० लिटरच्या घरातले मोठे आतडे असते. गवतातील सेल्युलोज घोड्याला स्वतःला पचवता येत नाही. या मोठ्या पिंपांत राहणारे अब्जावधी सूक्ष्मजीव ते आंबवतात, त्यातून घोड्याला वापरता येणारी मेदाम्ले तयार होतात आणि या साऱ्या व्यवहारात भरपूर उष्णता बाहेर पडते. ओट किंवा अन्य धान्याची चंदी बरीचशी लहान आतड्यातच पचते, त्यामुळे तिच्यातून ही पोटातली ऊब तुलनेने कमी मिळते. थंडीची लाट येणार म्हटल्यावर चंदी वाढवण्याची अनेकांची सवय म्हणूनच चुकीची आहे. शिवाय एकदम वाढवलेल्या चंदीने पोटशूळ उठण्याची किंवा खुराच्या आतल्या भागाला सूज येण्याची भीती असते. वाढवायचे ते वाळके गवत.

किती, याचा हिशेब सोपा आहे. क्रांतिक तापमानाच्या खाली दर अंशाला घोड्याची ऊर्जेची गरज सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते. ५०० किलो वजनाचा, काम नसलेला घोडा दिवसाला साधारण ९ किलो चांगले वाळके गवत खाऊन आपले वजन राखतो. पारा उणे १५ वरून उणे २५ ला गेला, तर गरज २५ टक्क्यांनी वाढते, म्हणजे ११ किलोंहून थोडे अधिक गवत लागते. रात्र सर्वांत थंड असते, म्हणून हा वाढीव वाटा संध्याकाळी घालावा.

तरीही हिवाळ्यात घोडे सर्वाधिक अडचणीत येतात ते पाण्यामुळे, आणि माझ्या मते सर्वांत कमी लक्षही तिकडेच असते. उन्हाळ्यातील हिरव्या चाऱ्यात ७० ते ८० टक्के पाणी असते. वाळक्या गवतात ते १५ टक्क्यांच्या वर क्वचितच जाते. म्हणजे हिवाळ्यात घोड्याला तोंडाने प्यायचे पाणी जास्त लागते, आणि नेमके तेव्हाच पाणी गोठलेले असते. पाणी कमी पडले की आतड्यातील गवताचा लगदा सुकत जातो, कुठेतरी अडकतो आणि पोटशूळ सुरू होतो. टाकीतले बर्फ सकाळी कुऱ्हाडीने फोडले आणि काम झाले असे मानणाऱ्याने तासाभराने परत जाऊन पाहावे. नवी साय धरलेली असते. पाणी गोठणबिंदूच्या वर, ७ ते १८ अंशांच्या दरम्यान ठेवले, तर घोडे ते अधिक पितात. त्यासाठी टाकीत विजेचा तापक बसवतात. तापक असूनही घोडा टाकीपाशी येऊन पाण्याला तोंड न लावता मागे फिरत असेल, तर पाण्यातून विजेचा बारीक झटका बसतो आहे का, हे आधी तपासावे. रोज २५ ते ३० ग्रॅम मीठ दिले तर तहान जागी राहते.

घोडा हिम खाऊन भागवू शकत नाही का? रानटी घोडे तसे करतात, हे खरे आहे. पण हिशेब करून पाहू. ताजे भुसभुशीत हिम सुमारे १० लिटर घेतले, तर त्याचे १ लिटर पाणी होते. दिवसाला लागणाऱ्या सुमारे ३० लिटर पाण्यासाठी ३०० लिटर हिम चघळावे लागेल. ते वितळवून अंगाच्या तापमानाला, म्हणजे ३८ अंशांना आणण्यासाठी साधारण ३,५०० किलोकॅलरी खर्च होतील. घोड्याची दिवसाची एकूण गरजच १६,७०० किलोकॅलरींच्या आसपास असते. म्हणजे पाचवा हिस्सा, जवळपास दोन किलो गवत, केवळ तहान भागवण्यात जाईल.

पायांची काळजी आपल्याला वाटते तितकी करावी लागत नाही. गुडघ्याखाली मांसल स्नायू जवळपास नसतात, हाडे आणि स्नायुबंधच असतात, आणि ते थंडीतही काम करतात. अडचण नालेची असते. तळव्याच्या उबेने हिम किंचित वितळते, थंड लोखंडाला लागून पुन्हा गोठते आणि हळूहळू खुराखाली बर्फाचा घट्ट गोळा तयार होतो. घोडा जणू चेंडूंवर उभा राहतो, पाय मुरगळतो. म्हणून पुष्कळ लोक हिवाळ्यात नाल काढून टाकतात. नाल ठेवायचीच असेल, तर नालबंदाकडून तिच्याखाली रबरी गादी बसवून घेतात.

बंद पागेत ठेवलेल्या घोड्यांचे दुखणे वेगळे असते. ऊब राहावी म्हणून दारेखिडक्या लावून घेतल्या, की मूत्रातून निघणारा अमोनिया, गवताची धूळ आणि श्वासाची वाफ आत कोंडते आणि फुप्फुसे बिघडतात. आत शिरताच आपल्या डोळ्यांना झोंबले, तर घोडा रात्रभर त्याच हवेत श्वास घेत होता हे लक्षात घ्यावे.

दाट केस एक गोष्ट लपवतात, ती म्हणजे रोडावणे. दुरून गुबगुबीत दिसणाऱ्या घोड्याच्या फासळ्या केसांखाली वर आलेल्या असू शकतात. दर आठवड्याला हातमोजा काढून, बोटे सपाट ठेवून बरगड्यांवर दाबून पाहावे. फासळ्या हाताला लागाव्यात, पण फटी जाणवू नयेत. म्हाताऱ्या घोड्यांचे दात झिजलेले असतात, त्यामुळे त्यांच्या पुढ्यात गवत असूनही ते पोटात जात नाही. त्यांना चारा भिजवून द्यावा लागतो.

दिवस २१ डिसेंबरनंतर मोठा होऊ लागतो आणि फेब्रुवारीच्या सुमारास, बाहेर उणे २० अंश असतानाही, खरारा करताना मूठमूठ केस हाती येऊ लागतात. उजेडाचे घड्याळ थंडी सरण्याची वाट पाहत नाही. पण अल्बर्टात एप्रिल-मेमध्येही ओले, जड हिम पडते, आणि तेव्हा घोड्याच्या अंगावर जानेवारीतले दाट केस नसतात. ते हिम त्याच्या पाठीवर साचत नाही, वितळून कातडीपर्यंत झिरपते. शेडमधले सुके गवत आणि खुंटीवरची झूल तोपर्यंत हाताशी ठेवावी.